दोन गुणांचे अर्थिंग

'भूसंपर्क तारेचे कार्य सांगा.' दहावीच्या विज्ञानात हा प्रश्न आला की मुलांची उत्तरे बहुधा एकसारखीच असतात. उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर ती भूसंपर्क तारेतून जमिनीत निघून जाते आणि वापरणाऱ्याला धक्का बसत नाही. झाले, दोन गुण. लिहिणाऱ्याला शंका येत नाही आणि तपासणाऱ्यालाही येत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात दापोली तालुक्यात आप्तांकडे राहण्याचा योग आला. घर जुने, चिऱ्याचे, वर कौले. न्हाणीघरात गीझर नुकताच बसवलेला. सकाळी आंघोळीला निघालो तर घरातली दहावीतली मुलगी म्हणाली, "काका, चपला काढू नका हं. नळाला जरा मुंग्या येतात." सगळे घर महिनाभर चपला घालून आंघोळ करत होते! गीझरच्या प्लगला तीन पिना होत्या, पण भिंतीतला सॉकेट दोन छिद्रांचा, म्हणून तिसरी पिन कोणीतरी करवतीने कापून टाकली होती. आणि या मुलीच्या वहीत वरच्या प्रश्नाचे उत्तर शब्दशः बरोबर लिहिलेले होते.

तिने शिकलेले तिला वापरता आले नाही, अशी तक्रार करून मोकळे होणे सोपे आहे. पण वही चाळताना मला वाटले की दोष तिच्याकडे कमी आणि धड्याकडे जास्त आहे. तिसरी पिन जागेवर असती आणि तार जमिनीपर्यंत गेलेली असती, तरी धड्याने दिलेले आश्वासन त्या घरात खरे ठरले असते का? याचे उत्तर धड्यातल्याच ओहमच्या नियमाने काढता येते, आणि ते नकारार्थी येते.

आधी धड्याचे श्रेय धड्याला द्यायला हवे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात घरगुती परिपथाचा जो भाग वर्षानुवर्षे शिकवला जात आहे, त्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तीन तारा, वेगवेगळ्या भारांसाठी वेगळे परिपथ, समांतर जोडणी, अतिभार, शॉर्ट सर्किट आणि फ्यूज हे सारे थोड्या जागेत नीट मांडले आहे. चुकीचे असे त्यात फारसे काही नाही. फ्यूज परिपथाचे रक्षण करतो, असेच तिथे म्हटले आहे. ते खरेच आहे. अडचण अशी की वर्गात 'परिपथाचे' हा शब्द गळून पडतो आणि फ्यूज 'आपले' रक्षण करतो, एवढेच मनात राहते.

म्हणून साधे गणित करून पाहू. अंग ओले, पाय ओल्या फरशीवर. अशा वेळी हातापासून पायापर्यंतचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरतात. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही थोडी कमी धारा वाहील. फ्यूज ५ अँपिअरचा असेल तर एवढी धारा त्याच्या खिजगणतीतही नाही. दोन ट्यूबलाइट लावल्या काय आणि माणूस चिकटला काय, त्याला सारखेच.

आणि माणसाला? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील चार्ल्स डाल्झील या प्राध्यापकांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत स्वयंसेवकांवर प्रयोग करून, हातात धरलेला तारेचा तुकडा स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा मोजली. पुरुषांमध्ये ती सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आली, स्त्रियांमध्ये १० च्या थोडी वर. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. आपण 'वीज धरून ठेवते' म्हणतो ते हेच. सुमारे ३० ते ५० मिलिअँपिअरच्या वरची धारा सेकंदभर किंवा अधिक वेळ छातीतून गेली, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हणजे जिवावर बेतणारी धारा आणि फ्यूज वितळवणारी धारा यांत शंभरपटीचे अंतर आहे. धड्यात हे दोन आकडे शेजारी शेजारी कधीच येत नाहीत. ते यावेत, ही माझी पहिली मागणी.

दुसरी गोष्ट भूसंपर्काची. धड्यातल्या आकृतीत अर्थची तार खाली येते आणि तीन आडव्या रेघांच्या चिन्हात संपते. त्या रेघांपाशी विचारही संपतो. जमीन म्हणजे शून्य रोध, वीज गडप! खरी जमीन इतकी उदार नसते. अडीच मीटर लांब आणि चार सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी पाइप उभा पुरला, तर त्याचा जमिनीशी असलेला रोध मातीच्या रोधकतेवर अवलंबून असतो. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या, म्हणजे बऱ्यापैकी ओलसर मातीत तो सुमारे ३३ ओहम येतो. कोकणातला जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातून झरझर निघून जाते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तो कोरडा ठणठणीत असतो. रोधकता दसपट धरली तर तोच पाइप ३३० ओहमचा होतो. कडेच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरतात खरा, पण वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे ते मीठ किती पावसाळे टिकेल?

आता चांगल्यात चांगली स्थिती घेऊ, ३३ ओहमची. गीझरच्या आतली फेज तार आवरणाला टेकली. अर्थच्या तारेतून धारा जाईल २३० भागिले ३३, म्हणजे सुमारे ७ अँपिअर. गीझरचा फ्यूज १५ अँपिअरचा, तो जागचा हलणार नाही. एमसीबी लावला असेल तरी तेच. १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात उडायला, तो 'बी' प्रकारचा असेल तर ८० अँपिअर लागू शकतात, आणि त्यासाठी सारा रोध तीन ओहमच्या आत हवा. तेव्हा वीज 'जमिनीत निघून जाते' हे खरे, पण ती जातच राहते, तासाला दीड युनिटहून जास्त, आणि मीटर फिरत राहतो. रोहित्रापाशी असलेल्या भूसंपर्काचा रोध ५ ओहम धरला, तर त्या वेळी गीझरच्या आवरणावर आणि नळावर जमिनीच्या तुलनेत २०० व्होल्ट असतात. दोन गुणांच्या उत्तरातले 'धक्का बसत नाही' हे शब्द त्या नळाला हात लावणाऱ्याने वाचलेले बरे.

भूसंपर्क निरुपयोगी आहे असे यातून कोणी घेऊ नये. तो हवाच. पण खाजगी खड्ड्यावर अवलंबून असलेल्या घरात तो एकट्याने पुरत नाही. त्याच्या जोडीला कोणीतरी गळणाऱ्या धारेवर लक्ष ठेवणारा हवा. असे उपकरण बाजारात कित्येक वर्षांपासून आहे. वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात, डबीवर आरसीसीबी छापलेले असते. याच डाल्झील यांनी १९६१ मध्ये माणसाला वाचवू शकेल इतके संवेदनशील असे उपकरण बनवले, आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७५ मध्ये नव्या घरांच्या न्हाणीघरांत ते आवश्यक ठरवले.

त्याचे तत्त्व आठवीच्या मुलालाही कळावे असे आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोहगर्भ कड्यातून ओवलेल्या असतात. जेवढी धारा घरात गेली तेवढीच परत आली, तर दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकींना पुसून टाकतात. थोडी धारा दुसऱ्या वाटेने, आवरणातून, भिंतीतून किंवा माणसातून जमिनीत गेली, की हिशेब जुळत नाही. कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत विभव निर्माण होते आणि खटका सुटतो. घरासाठी ही फरकाची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. भूसंपर्क ३३० ओहमचा, म्हणजे अगदी वाईट असला, तरी ३० मिलिअँपिअरला आवरणावर दहाच व्होल्ट चढतात आणि तेवढ्यात वीज बंद होते. ज्या जांभ्यात फ्यूज आणि अर्थची जोडी हतबल होते, तिथेच हे उपकरण आरामात काम करते. विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम आणि घरगुती परिपथ हे दोन्ही विषय ज्या एकाच धड्यात शेजारी नांदतात, त्या धड्यात त्या दोघांना जोडणारे हे उपकरण नसावे, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

त्याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर फ्यूजच्या जागी नवा देव बसेल. ३० मिलिअँपिअरच्या उपकरणाने झटका बसायचा थांबत नाही. झटका बसतोच, पण तो सेकंदाच्या अंशात तुटतो. आणि कोरड्या लाकडी पाटावर उभे राहून एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर उपकरणाच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक बल्ब. जाणारी धारा आणि येणारी धारा सारखीच.

मग हे उपकरण घरोघर का नाही? किमतीचा भाग आहेच. नियमांचाही आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली गेली, पण ५ किलोवॅटच्या आतल्या लहान जोडण्या त्यातून वगळलेल्या होत्या. कोकणातले जुने घर म्हणजे नेमकी अशी लहान जोडणी. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण नियम पाहिले जातात ते जोडणी देताना. १९७० च्या सुमारास वीज आलेल्या घरात पुन्हा कोण डोकावतो?

खरे कारण मात्र मला त्या घराच्या भिंतीत दिसले, आणि ते हवामानाशी जोडलेले आहे. वीज आली तेव्हा ओटीवर एक, माजघरात एक, स्वयंपाकघरात एक असे चार दिवे आणि एक रेडिओ, एवढाच संसार होता. लाकडी बॅटनपट्टीवर क्लिपा मारून तारा नेल्या, लाकडी बोर्डावर काळी बटणे बसवली, किटकॅट फ्यूज लावले. काम नेटके होते. आजही त्या पट्ट्यांची सरळ रेघ पाहून कारागिराचे कौतुक वाटते. पण त्या तारांवरचे रबर पन्नास वर्षांत कडक होऊन तडकले आहे. माळ्यावर उंदरांनी आपला वाटा घेतला आहे. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा उतरतच नाही, कौलाखालून पावसाचे तुषार येतात, भिंतीवर भुरी चढते. त्यावर समुद्राकडचा खारा वारा. मीठ हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे बोर्डावर मिठाचा जो अदृश्य थर बसतो तो पावसाळ्यात चक्क वाहक होतो. त्याच्यातून बारीक धारा सरपटत राहते, लाकूड हळूहळू कोळपते, आणि एके दिवशी बटणाभोवती काळा डाग दिसतो. घरातले म्हणतात, बटण खराब झाले. बटण बदलतात, बोर्ड तोच.

सांध्यांची गोष्ट निराळी. काही ठिकाणी जुनी ॲल्युमिनियमची तार आणि नवी तांब्याची तार पिळून, वर चिकटपट्टी लावलेली असते. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकत्र आले की विद्युतघटच तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजते. समजा अशा सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला. गीझरचे १० अँपिअर त्यातून गेले की तिथे ५० वॅट उष्णता निघते, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, सुक्या लाकडाला लागून. फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी यांपैकी कोणालाही याचा पत्ता लागत नाही, कारण धारा योग्य तेवढीच आहे आणि गळतीही नाही. इथे कामाला येतो तो जुलचा नियम आणि नाक. जळका वास आला की शोधायचे.

अशा घरात एखाद्या जागरूक मुलाने शहरातून आरसीसीबी आणून मेन स्विचजवळ बसवला, तर काय होते? मे महिन्यात सारे सुरळीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो उडायला लागतो. वीस जागी एकेक मिलिअँपिअर गळत असले तरी वीस होतात, आणि ३० चा शिक्का असलेले उपकरण प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही उडू शकते. रात्री दोनला घर अंधारात, म्हातारी माणसे घाबरलेली, बाहेर मुसळधार. सकाळी वायरमन येतो, पाहतो, आणि "हा ईएलसीबी फॉल्टी आहे" असे सांगून तो काढून थेट जोडणी करून देतो. दिवे लागतात. सगळे खूश. वास्तविक त्या घरात खोटे बोलत नसलेली वस्तू ती एकच होती. वायरमनला दोष देऊन उपयोग नाही, त्यानेही आपलाच धडा शिकलेला असतो. त्या धड्यात तारेवरचे विद्युतरोधक हे रोधक असते, नाहीतर तुटलेले असते. ते हळूहळू, ऋतूप्रमाणे, कमी-जास्त गळते, अशी कल्पनाच तिथे नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. रायगड आणि उत्तर रत्नागिरीत घरांची कौले-पत्रे उडाली, विजेचे खांब आडवे झाले, काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. खांब उभे करणाऱ्यांनी भर पावसात केलेले काम मोठेच होते. पण वीज मीटरपर्यंत आली की सार्वजनिक काम संपले. छप्पर उडालेल्या घरातले बोर्ड आठवडाभर पाण्यात निथळत होते. ते वाळले का, तारांचा रोध मेगरने मोजला का, हे विचारण्याची पाळी घरमालकाची. त्याच्या हाती काय होते? एक टेस्टर, आणि 'ओल्या हाताने बटणाला हात लावू नका' हे वाक्य.

या वाक्याबद्दल थोडे बोलायलाच हवे. विजेच्या सुरक्षिततेची भित्तिपत्रके शाळांतून लागतात, त्यांवर हात कोरडे ठेवा, रबरी चपला घाला, वायरची छेडछाड करू नका, अशा सूचना असतात. वाईट एकही नाही. पण सगळ्या सूचना माणसाला आहेत, घराला एकही नाही. अपघात झाला की तो कोणाच्या तरी निष्काळजीपणाने झाला, असा निकाल त्यांत आधीच लिहिलेला असतो. कोकणात जुलै महिन्यात कोरडे हात कुठून आणायचे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१९ साली देशात १३ हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावली. शेतातले, रस्त्यावरचे, घरातले असे सारे अपघात त्यात आले. ही सगळी माणसे बेपर्वा होती असे मानायला मी तयार नाही.

सगळे घर एकदम नव्याने वायरिंग करणे बहुतेकांना परवडत नाही, म्हणून क्रमाचा विचार करावा लागतो. माझ्या मते सुरुवात पाण्यापासून व्हावी. गीझर, विहिरीवरचा पंप आणि मागच्या पडवीतला सॉकेट यांना मेनपासून वेगळी, नवी तांब्याची तार पीव्हीसी पाइपातून न्यावी आणि त्या फाट्यापुरता आरसीसीबी बसवावा. तार नवी असल्याने तो पावसाळ्यात उगाच उडणार नाही, आणि उडालाच तर दिवे चालू राहतील, म्हणून तो काढून टाकण्याचा मोहही होणार नाही. जुन्या दिव्यांच्या तारा पुढच्या वर्षी, त्यापुढच्या वर्षी, जमेल तशा. बोर्ड पश्चिमेच्या भिंतीवर नको, तिकडून पाऊस झोडपतो. अर्थचा खड्डा न्हाणीघराचे पाणी जिथे केळींना सोडलेले असते तिथे घ्यावा, मे महिन्यातही ती माती ओली असते. आणि पूर्वी लोखंडी नळालाच अर्थ जोडलेला असेल, तर तो नळ अजून लोखंडीच आहे ना हे पाहावे. पीव्हीसीचे नळ आले तेव्हा कित्येक घरांतला अर्थ कोणाला न कळता नाहीसा झाला. अर्थ नाही म्हणून सॉकेटातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे महाभागही भेटतात. न्यूट्रल कुठे तुटली की मग गीझरचे आवरण थेट फेजवर येते! हे कोणी करू देऊ नये. ही सारी कामे परवानाधारक वायरमनची आहेत, मुलांनी किंवा शिक्षकांनी पेचकस हाती घेण्याची नव्हेत.

शाळेत करण्याजोगे आहे ते एवढे. जुन्या बॅटनपट्टीचा एक तुकडा मिळवावा, त्यात दोन सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकावेत आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. मग पट्टी साध्या पाण्याने भिजवून मोजावा, मग मिठाच्या पाण्याने. विजेच्या सॉकेटजवळ जायचे कारण नाही, मीटरमधला सेल पुरतो. आलेल्या प्रत्येक रोधाने २३० व्होल्टला भागून किती मिलिअँपिअर होतात ते मुलांना फळ्यावर लिहू द्यावे, आणि त्याच्या शेजारी डाल्झील यांचे १६ आणि १०. हाच प्रयोग जूनमध्ये वर्गाबाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पट्टीवर दर सोमवारी केला, तर सप्टेंबरपर्यंत एक आलेख तयार होतो.

आणि परीक्षेतला प्रश्न बदलावा. मी तो असा विचारीन: 'एका घराच्या भूसंपर्काचा रोध ४६ ओहम आहे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या गीझरची फेज तार आवरणाला टेकली. रोहित्राकडील रोध शून्य धरा. फ्यूज १५ अँपिअरचा आहे. तो वितळेल का? नळाला हात लावणाऱ्याचे काय होईल? न्हाणीघरासाठी कोणते उपकरण सुचवाल आणि का?' गुण चार.